अडलेला रोवणा

श्रावण लागला की आमच्याकडे बायकांचे हात पांढरे पडतात. दिवसभर पाण्यात राहून बोटांची कातडी सुरकुतते. नखांच्या मुळाशी चिखलाची काळी रेघ बसते, ती पोळ्यापर्यंत जात नाही. पायांच्या बोटांत चिखल्या होतात. सांजेला चुलीपुढे बसून त्यांना हळद-तेल लावायचं आणि सकाळी पुन्हा त्याच चिखलात उतरायचं. आमच्या धानाच्या मुलखात या दिवसांना रोवणा म्हणतात. बाकी महाराष्ट्रात भातलावणी म्हणत असतील, पण त्या शब्दात कंबर दुखत नाही. रोवायचं म्हणजे बोटांनी खालची जमीन शोधायची, रोप तिच्या हवाली करायचं आणि एक पाऊल मागे सरायचं.

यंदाचा रोवणा सुरू झाला आहे. सकाळी तलावाच्या पाळीवर गेले तेव्हा खाली सगळीकडे चिखलणीचे ट्रॅक्टर गुरगुरत होते आणि त्यांच्या मागे मागे बगळे चालले होते. ओल्या मातीचा, कुजलेल्या गवताचा आणि डिझेलचा मिळून एक वास येत होता. हा वास मला आवडतो, हे कोणाला सांगितलं तर हसतील. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, शेताच्या ज्या कोपऱ्यात टाकलेली असतात तो कोपरा या दिवसांत डोळ्यांना झोंबेल इतका हिरवा असतो. तो हिरवा पाहिला की मला एक साल आठवतं. त्या साली एका शेतातलं असंच हिरवं आमच्या डोळ्यांदेखत पिवळं पडत गेलं आणि गावातली एकही बाई ते उपटायला गेली नाही.

मी लग्न होऊन या गावात आले तेव्हा मला रोवता येत नव्हतं. माझं माहेर लाखांदूरचं, वडिलांचं किराणा दुकान. दिघोरीहून आत, तलावाखालच्या या गावात आल्यावर मला रोवायला शिकवलं ते शेवंताबाईंनी. त्या आमच्या रोवणाऱ्या बायकांच्या टोळीच्या म्होरक्या. उंच, हाडापेराने मजबूत, नवरा लवकर गेलेला, मुलगा नागपुरात कामाला. कोणत्या दिवशी कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, रोवणा करायचा हे त्या ठरवायच्या, आणि त्यांनी ठरवलेलं मोठमोठे शेतकरीही मुकाट्याने ऐकायचे. कारण रोवण्याच्या दिवसांत बाई नाही तर धान नाही.

रोवताना माणसाचं तोंड दिसत नाही. सगळ्याजणी ओळीत वाकलेल्या. अंगावर लुगड्यावरून नवऱ्याचा नाहीतर भावाचा जुना फुलबाह्यांचा शर्ट, पाठीवर प्लास्टिकची खोळ. दिसतात ते फक्त शेजारणीचे हात. डाव्या हातात पऱ्ह्यांची मूठ, उजव्या हाताची बोटं चिखलात जातात, येतात, जातात. हळूहळू प्रत्येकीचे हात ओळखीचे होतात. वनिताचे हात टोळीत सगळ्यांत चपळ होते. ती माझ्या शेजारी असायची. आंधळगावची मुलगी, दोन लेकींची आई, बोलायला गोड, आणि हसली की तोंडावर पदर घ्यायची.

त्या साली रोवताना एके दिवशी तिचा डावा हात वर येत नव्हता. मूठ धरलेला हात तिने मांडीवर टेकवला होता आणि रोप काढायला उजवा हात दर वेळी मागे, पार मांडीपर्यंत न्यावा लागत होता. ती मागे पडत चालली. मी माझ्या ओळीतून तिच्या ओळीत दोन-दोन रोपं लावत गेले. शेवंताबाईंनी पाहिलं.

"वनिता, हाताले काय झालं व?"

"काई नाई. बैलानं ढुसणी देली."

शेवंताबाई सरळ उभ्या राहिल्या. "कोन्त्या बैलानं? तुमची जोडी तं मांगल्या साली इकली ना?"

एरवी असं काही निघालं की ओळीभर हसणं पसरायचं. त्या दिवशी कोणी हसलं नाही. चिखलात हात जाण्याचा चुबुक चुबुक आवाज तेवढा राहिला. वनिताने मान वर केली नाही.

तेव्हा मला पहिल्यांदा लक्षात आलं की आमच्या गावात बायका फार पडतात. विहिरीच्या पायरीवरून पडतात, न्हाणीत पडतात, सरपण आणताना पडतात. कोणाच्या डोळ्याला दाराची कडी लागते, कोणाच्या हातावर गरम पेज सांडते. पुरुष तेवढे पडत नाहीत. आम्ही प्रत्येकीचं पडणं ऐकून घ्यायचो, "जपून व" म्हणायचो, आणि पुढे चालायचो. 'मारलं' हा शब्द आमच्या बोलण्यात नव्हता असं नाही. तो आम्ही पावसाबद्दल बोलावं तसा बोलायचो. येतो कधी, जातो. कोण त्याला जाब विचारणार?

आणि वनिताच्या नवऱ्याला, देवानंदला, तर जाब विचारायचं कोणाच्या मनातही आलं नसतं. त्याच्याबद्दल वाईट बोलणारं माणूस गावात शोधून सापडलं नसतं. कोणाची पाण्याची मोटर बंद पडली की देवानंद. लग्नात बुंदी पाडायला रात्रभर उभं राहायचं तर देवानंद. मयतीला बांबू तोडायलाही तोच. दारूला शिवत नसे, तंबाखू-सुपारीचा खर्राही खात नसे. मारणाऱ्या नवऱ्याचं आमच्या डोक्यात एक चित्र होतं. झोकांड्या खात येणारा, चौकात शिव्या देणारा. देवानंद त्यात कुठे बसत नव्हता. म्हणूनच कदाचित वनिताचं कोणाला दिसलं नसावं.

दुपारी आम्ही धुऱ्यावर, म्हणजे बांधीच्या कडेच्या मातीच्या बांधावर, शिदोऱ्या सोडायला बसलो. पाऊस उघडला होता. भात, लाखोरीच्या डाळीचं वरण, कोणाकडे सुक्या झिंग्यांची चटणी. वनिताला आपल्या फडक्याची गाठ सुटेना. एका हाताने आणि दातांनी ती ओढत राहिली. शेवंताबाई उठून तिच्याजवळ जाऊन बसल्या, गाठ सोडली, भात कालवला आणि पहिला घास तिच्या तोंडाजवळ नेला.

"खाय."

वनिताने घास घेतला आणि मग तो तिला गिळता येईना. बराच वेळ ती तशीच बसली, गाल फुगलेला, डोळे बांधीकडे. मग गिळला आणि म्हणाली, "भात गिच्च झाला होता."

आम्हाला वाटलं ती आत्ताच्या भाताबद्दल बोलते आहे.

"परवा. भात गिच्च झाला म्हनून. पाटा उचलला होता त्यानं, बसायचा पाटा. मी हात मधात घातला." ती साधं काही सांगावं तसं सांगत होती. "डाव्या कानानं मले आयकू नाई येत. तुमाले वाटते मी गर्वाची हाव, आवाज देल्यावर पाहत नाई. मले आयकूच नाई येत वो."

 टोळीतली एक म्हातारी "अगे माय" म्हणाली आणि तिने पदर तोंडाला लावला.

"माहेरी काहून नाई गेली?" मी विचारलं.

"गेल्ती. भावानं गाडीवर बसवून आनून सोडलं. म्हने, एवढा चांगला मानूस आहे, तूच काई करत असशीन." तिने उजव्या हाताने फडकं सारखं केलं. "मले बी तसंच वाटे. का मीच काई करत असन."

शेवंताबाईंनी हात धुतला. त्यांचा आवाज मी एवढा हळू कधी ऐकला नव्हता. "आज तू घरी नाई जात. पोट्ट्या शाळेतून सुटल्या का माह्या घरी आनतो आमी. उद्या लाखांदूरले जाऊ, हात दाखवू. एवढंच. बाकी काई ठरवू नोको आज."

आज विचार केला की वाटतं, त्या वाक्यातलं सगळ्यांत शहाणपणाचं ते शेवटचं होतं. बाकी काही ठरवू नको. आम्हा बाकीच्यांच्या तोंडी लगेच पोलीस, पंचायत, सोडचिठ्ठी असले मोठमोठे शब्द आले होते. शेवंताबाईंनी तिच्यापुढे फक्त एक रात्र ठेवली. शांत झोपायची.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आम्ही तिघी लाखांदूरला गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रोवणा चालला होता, खिडकीतून तेच ओले वारे येत होते, आणि वनिता उजवा कान माझ्याकडे करून बसली होती. मी काहीच बोलले नाही, पण ती तशीच बसून राहिली. दवाखान्यात तरुण डॉक्टर बाई होत्या. फोटो काढून त्यांनी सांगितलं, हाड तडकलंय, प्लास्टर लागेल. मग खुर्ची जवळ ओढून त्यांनी विचारलं, "कशानं झालं?"

मला वाटलं आता बैल येणार. शेवंताबाईंनीही माझ्याकडे पाहिलं. वनिताने पायांच्या चिखल्यांकडे पाहिलं.

"नवऱ्यानं," ती म्हणाली.

एवढाच शब्द. पण तो बाहेर पडल्यावर तिचे खांदे खाली आले, डोक्यावरचा भारा उतरवल्यावर येतात तसे. डॉक्टर बाईंनी तिला घाई केली नाही. कायदा काय आहे, अशा बाईला मदत करायला सरकारने नेमलेल्या संरक्षण अधिकारी असतात, घर सोडून जावंच लागतं असं नाही, त्याच घरात सुरक्षित राहायचा हक्क असतो, हे सगळं सोप्या भाषेत सांगितलं. वनिताने एकच विचारलं, "अन् पोरी?" "पोरी तुमच्यासंगं," डॉक्टर बाई म्हणाल्या. परतीच्या एसटीत वनिता झोपून गेली. दचके बसत होते, पण तिला जाग आली नाही.

त्या सांजेला देवानंद शेवंताबाईंच्या दारात आला तो हात जोडूनच. स्वच्छ शर्ट, केस विंचरलेले. "माय, हिचं डोकं जरा गरम आहे. पाठवून दे." वनिता आतून बाहेर आली नाही. शेवंताबाई दारात बसल्या होत्या, त्या उठल्या नाहीत.

"तिले वाटन तवा येईन."

"बरं." तो हसला. "परवा माह्या बांधीत रोवणा आहे, ध्यानात आहे ना? चिखलनी करून ठेवतो."

"आमी नाई येत गा."

"काहून? रोजी वाढवून पायजे काय?"

"नाई. तुह्या बायकोचा हात तू तोडला. त्या बांधीत आमचे हात नाई लागत."

त्याला ते खरं वाटलं नाही. त्याने चिखलणी करून ठेवली, बांधीत पाणी अडवलं, आणि सकाळी धुऱ्यावर जाऊन उभा राहिला. आम्ही त्याच रस्त्याने पलीकडच्या शेतात गेलो. कोणी त्याच्याकडे पाहून बोललं नाही, कोणी टोमणा मारला नाही. फक्त कोणी थांबलं नाही.  एखाद्याशी भांडण्यापेक्षा त्याच्या शेतापुढून न थांबता चालत जाणं अवघड असतं.

गावात मग जे व्हायचं ते झालं. पारावर पुरुष बोलू लागले. बाया माजल्या म्हणाले. घरच्या गोष्टी घरात राहू द्याव्या म्हणाले. आमचे हे जेवायला बसले आणि म्हणाले, "तुमी काय कोर्ट हाव काय? त्याच्या घरचा मामला आहे."

मी ताटात भात वाढत होते. "आपल्या रानीचं लग्न झाल्यावर," मी म्हटलं, "तिच्या घरचा मामला राहीन तवाबी असंच म्हनान?"

राणी, आमची मुलगी, तेव्हा लहान होती. समोरच बसून वरणात बोट फिरवत होती. ते तिच्याकडे पाहत राहिले.  त्या दिवशी ते जेवण अर्धं टाकून उठले.

देवानंदचे पऱ्हे रस्त्याच्या अगदी कडेला होते. येता-जाता सगळ्यांना दिसायचे. पऱ्ह्यांना वय असतं. वेळेत उपटून रोवले नाहीत तर ते उंच होतात, शेंडे पिवळे पडतात, मुळं एकमेकांत गुंततात. रोज ते थोडे पिवळे होत होते. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या कोणालाही तो रंग बघवत नाही. टोळीतल्या काहीजणी कुरकुरल्याही. "धानाचा काय गुना आहे वो?" शेवंताबाई म्हणाल्या, "काईच नाई. वनिताचाबी नाई."

शेवटी देवानंदने बाजूच्या गावातून बायका आणायचं ठरवलं. ट्रॅक्टरची ट्रॉली भरून बायका घेऊन तो आला तेव्हा आम्ही समोरच्याच बांधीत रोवत होतो. सगळ्याजणी कंबर धरून उभ्या राहिल्या. आता काय, असं प्रत्येकीच्या तोंडावर होतं. त्या परगावच्या बायका, त्यांना काय माहीत. ट्रॉलीचा फाळका त्याने खाली टाकला.

तेवढ्यात धुऱ्यावरून त्याची आई चालत आली.

सरसाबाई. वाकलेली, काठी टेकत, चिखलात पाय न घसरू देता. आम्हाला वाटलं ही आता आम्हाला शिव्या घालणार. तिच्या लेकाचं पीक आम्ही अडवलं होतं. ती ट्रॉलीपुढे येऊन उभी राहिली आणि परगावच्या बायकांना म्हणाली, "उतरू नोका व बायानो. ही बांधी माही आहे."

"माय, तू घरी जाय," देवानंद म्हणाला.

"घरबी माहंच आहे."

 घर आणि शेत म्हातारा गेल्यावर तिच्याच नावावर झालं होतं, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. पण ते ती कधी तोंडाने म्हणेल असं कोणाला वाटलं नव्हतं.

"तुह्या बापानं मले याच धुऱ्यावर मारलं होतं," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण सगळीकडे पाणी साचलेलं, वारा पडलेला, प्रत्येक शब्द ऐकू आला. "तू माह्या लुगड्याले धरून होता. तुले आठवत असन. मले वाटे, पोरगा मोठा होईन अन् हे थांबन. तू मोठा झाला, अन् शिकून घेतलं." मग ती ट्रॉलीकडे वळली. "माह्या सुनेचा हात यानं तोडला. तुमाले रोवायचं असन तं रोवा."

ट्रॉलीतल्या बायका एकमेकींकडे पाहत राहिल्या. एक पोक्त बाई आधी उतरली. तिने पदर खोचला आणि बांधीकडे न जाता रस्त्याला लागली. तिच्या मागे दुसरी. मग सगळ्याच. लाल, निळ्या, पिवळ्या प्लास्टिकच्या खोळी पांघरलेली ती रांग चिखलाच्या रस्त्याने पायी आपल्या गावाकडे निघाली. देवानंद ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून खाली बसला. तो रडत होता की काय, ते दुरून कळलं नाही. मला त्याच्याबद्दल त्या वेळी काय वाटलं, तेही नीट सांगता येत नाही.

सांजेला सरसाबाई शेवंताबाईंच्या घरी आली. "चल," ती वनिताला म्हणाली, "तुह्या घरी चल. त्याची पेटी मी ओसरीत आनून ठेवली."

वनिता उठली नाही. "तो वापस आला तं, आत्या?"

"मी आहे ना."

"तुमी तवाबी होत्या."

 सासूला असं तोंडावर बोललेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. म्हातारीने काठी बाजूला ठेवली आणि ती भिंतीला टेकून खाली बसली. म्हणाली, "होती. तवा दार लावून बसत होती, तुहा आवाज नाई यावा म्हनून. आता दारात बसन."

वनिता त्या दिवशी गेली नाही. ती तेव्हा गेली, जेव्हा भंडाऱ्याहून संरक्षण अधिकारी मॅडम येऊन तिच्याशी दार लावून बोलून गेल्या, तक्रार झाली, आणि देवानंदने त्या घरात पाऊल टाकायचं नाही असा कोर्टाचा आदेश हातात आला. घाई म्हातारीने केली नाही, आम्हीही केली नाही. देवानंद पवनीकडे मामाच्या गावी राहायला गेला. आणि वनिता घरी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी, कोणी आवतण न देता, टोळी तिच्या बांधीत उतरली.

तो रोवणा मी विसरणार नाही. पऱ्हे गुडघ्याच्या वर गेलेले. शेंडे खुडावे लागले, एकेका जागी जास्त काड्या धरून दाट रोवावं लागलं. बांधी पुन्हा चिखलायला हवी होती. सकाळी पोचलो तर आमचे हे आधीच तिथे ट्रॅक्टर घेऊन चिखलणी करत होते. मला सांगितलं नव्हतं. मी धुऱ्यावर उभी राहून पाहिलं तर त्यांनी मान दुसरीकडे वळवली. वनिता प्लास्टरवर पिशवी बांधून धुऱ्यावर उभी होती आणि चांगल्या हाताने मुठी फेकत होती. एक मूठ शेवंताबाईंच्या पाठीवर बसली, चिखल उडाला. "मारते का काय व मले!" त्या ओरडल्या. आणि वनिता हसली. तोंडावर पदर न घेता हसली, कारण एक हात प्लास्टरमध्ये आणि दुसऱ्यात पऱ्हे. तिचे दात इतके सुंदर आहेत हे आम्हाला तेव्हा कळलं.

धान दुसऱ्यांपेक्षा कमी झालं. पण झालं. घरच्यापुरतं पुरून थोडं उरलं.

हे सगळं वाचताना कोणाला वाटेल की त्या साली गाव बदललं. गाव असं एका साली बदलत नाही. आजही एका गल्लीतली बाई न्हाणीत पडते म्हणून सांगते, आणि तिला आम्ही अजून बोलतं करू शकलो नाही. वनिताचा कान परत आला नाही. भंडाऱ्याला दाखवलं, उशीर झाला होता. देवानंद सणावाराला मुलींना भेटायला येतो, शेवंताबाईंच्या ओसरीत बसतो, सरसाबाई समोर असते. तो बदलला का? मला माहीत नाही. वनिता म्हणते, "मलेबी मालूम नाई. अन् आता ते मालूम करत बसाची मले गरज नाई."

पण काही गोष्टी सुरू झाल्या. बचत गटाच्या बैठकीत पैशांचं झालं की शेवंताबाई विचारू लागल्या, "कोनाले काई सांगाचं आहे काय?" पहिल्या काही वेळा कोणी बोललं नाही. मग एकीने सांगितलं. तिला काय करायचं ते तिचं तिला ठरवू दिलं. दवाखान्यात संगं जायचं, तक्रारीला संगं जायचं, नाही जायचं म्हणाली तर तिच्या घरी रोज एक चक्कर टाकायची, एवढं आम्ही वाटून घेतलं. दारासमोरून कोणी रोज हाक मारून जाते, याचाही धाक बसतो, हे आम्हाला कळलं. मुलांच्या शाळेत मॅडमनी वनिताला बोलावलं. तिथे तिने मुलग्यांना विचारलं, "तुमच्या घरी माय पडते काय?" आणि मग शांत उभी राहिली. मुलं हसली नाहीत.

एकदा तिला आंधळगावच्या बायकांनी बोलावलं. तिचं माहेर. मी संगं गेले होते. समाजमंदिरात बायका खाली बसल्या होत्या, मागे दाराशी काही पुरुष. त्यांत तिचा भाऊ होता. वनिता बोलली ते साधंच, भाताचं, पाट्याचं, कानाचं. शेवटी म्हणाली, "पोरगी वापस आली तं तिले पह्यले जेवाले वाढा. कोनाची चूक आहे ते मंग पाहा. ती इतक्या दूर उगीच नाई येत." भाऊ सगळा वेळ उभाच होता. कोणीतरी खुर्ची पुढे केली, तो बसला नाही. नंतर एसटीच्या थांब्यापर्यंत तो आमच्या मागे मागे आला. गाडी आली तेव्हा त्याने वनिताची पिशवी उचलून आत ठेवली आणि म्हणाला, "दिवाळीले येजो. मी घ्याले येतो. तुले वाटन तितके दिवस राहाजो." वनिताने त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "डाव्या बाजूनं नोको बोलू. इकडून बोल." तो फिरून तिच्या उजव्या बाजूला आला आणि तेच सगळं पुन्हा बोलला.

शेवंताबाईंचे गुडघे आता चिखलात उतरू देत नाहीत. टोळी वनिता सांभाळते. तिची थोरली लाखांदूरला कॉलेजात जाते, सरसाबाई ओसरीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्यावर नजर ठेवते. काही शेतांत रोवणीचं यंत्र आलं आहे. ते सरळ ओळीत भराभर रोवतं आणि कोणाला काही विचारत नाही.

मागच्या आठवड्यात भर दुपारी वनिताच्या दारात एक मुलगी आली. पलीकडच्या गावची सून, पायल नाव, लग्नाला फार दिवस झालेले नाहीत. हातात पिशवी, पायात दोन वेगवेगळ्या चपला. तिला कोणी सांगितलं होतं की या गावात रोवणेवाल्या बायका आहेत, त्यांच्याकडे जा. वनिताने तिला ओसरीत घेतलं, भात वाढला, आणि ती जेवत असताना दुसरीकडेच कुठेतरी पाहत बसली, म्हणजे तिला नीट जेवता यावं. दवाखान्यात जायचं का, विचारलं. जायचं म्हणाली. लाखांदूरहून परत आल्यावर पोलिसांत जायचं का, विचारलं. तिने मान हलवली, अजून नाही. "बरं," वनिता म्हणाली.

काल ती आमच्यासोबत बांधीत आली. घरी बसून डोकं फिरते म्हणाली. वनिताचा जुना शर्ट घातला, बाह्या दुमडल्या आणि माझ्या शेजारी ओळीत उभी राहिली. तिला रोवता येत नाही. रोप खोल जात नव्हतं, कधी कधी तरंगून वर यायचं. मागे वळून पाहिलं तर तिची ओळ भलतीकडेच गेलेली.  वनिता फक्त म्हणाली, "बोट खाली टेकू दे, मंग सोड," आणि पुढे गेली. दुपारनंतर पाऊस आला, आम्ही खोळी ओढून घेतल्या, ती तशीच भिजत रोवत राहिली. संध्याकाळी धुऱ्यावर हातपाय धुताना ती आपले पांढरे पडलेले, सुरकुतलेले हात उलटसुलट करून पाहत होती. पहिल्या दिवशी सगळ्याच पाहतात. मग तिने पदराला हात पुसले आणि वनिताला विचारलं,

"मावशी, उद्या कोनाच्या बांधीत जायचं आहे?"